डबल एक्सल ट्रेलरचं बसलेलं चाक जॅकशिवाय कसं बदलायचं?

प्रश्न असा आला आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणारे एक गृहस्थ मंडप आणि जनरेटर भाड्याने देतात. बोलेरो पिकअपच्या मागे चार चाकांचा डबल एक्सल ट्रेलर, त्यावर तीस केव्हीएचा सायलेंट जनरेटर, असं घेऊन ते महेश्वरला एका कार्यक्रमासाठी निघाले होते. मानपूरच्या अलीकडे ट्रेलरचं मागचं डावं चाक हवा जाऊन बसलं. स्टेपनी होती, पाना होता, जॅक मात्र गोदामात राहिलेला. धाब्यावरच्या एका ड्रायव्हरने सांगितलं, "जॅक कशाला हवा? पुढचं चाक फळीवर चढवा, मागचं आपोआप उचललं जाईल." त्यांनी तसं केलं. चाक काही उचललं गेलं नाही. शेवटी एका ट्रकवाल्याचा जॅक मागून काम झालं. आता त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: ही युक्ती खरी आहे का, खरी असेल तर फळी किती उंच हवी, आणि स्टेपनीही नसेल तर तीन चाकांवर पुढच्या धामनोद गावापर्यंत जाता येईल का.

युक्ती खरी आहे. आमच्याकडे ट्रेलर बनवणारे आणि दुरुस्त करणारे सगळेच ती वापरतात, जॅक हाताशी असतानाही. तुमच्याकडे ती चालली नाही त्याचं कारण तुमच्या ट्रेलरच्या पोटात आहे. पुढच्या वेळी खाली वाकून डाव्या बाजूचे पाटे, म्हणजे एक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बघा. पुढच्या एक्सलच्या पाट्याचं मागचं टोक आणि मागच्या एक्सलच्या पाट्याचं पुढचं टोक, ही दोन्ही एकाच डोलत्या लोखंडी तुकड्याला जोडलेली दिसतील. तो तुकडा मधोमध एका पिनवर फिरतो. त्याला इक्वलायझर म्हणतात. काम तराजूच्या दांडीचं: एक टोक वर गेलं की दुसरं खाली. रस्त्यात खड्डा आला, एक चाक वर उचललं गेलं, तरी दोन्ही चाकांवर वजन सारखं राहावं म्हणून तो बसवलेला असतो.

आता हाच इक्वलायझर तुमच्या फळीचा अर्धा फायदा खातो. पुढचं चाक तुम्ही सहा इंच वर चढवलं, तर त्या बाजूची चेसिस, म्हणजे ट्रेलरचा सांगाडा, सहा इंच उचलली जात नाही, साधारण तीन इंचच उचलली जाते. उरलेले तीन इंच इक्वलायझर मागच्या चाकाला खाली ढकलण्यात घालवतो. म्हणजे बसलेलं चाक जमिनीवर आहे तिथेच आहे. इक्वलायझर फिरून फिरून एका जागी अडतो, तिथून पुढे त्याला फिरायला जागा नसते, आणि तेव्हापासून मागचं चाक खऱ्या अर्थाने उचललं जायला लागतं. तोवर तुम्ही चढवलेली सगळी उंची फुकट गेलेली असते.

यात पाट्यांचा हिशेब वेगळा. ज्या पाट्यावरचं वजन गेलं तो मोकळा होऊन इंच-दीड इंच खाली लोंबतो. ज्यावर दुप्पट वजन आलं तो तेवढाच दबतो. हे दोन-तीन इंचही गेले. म्हणून चार इंचांची फळी इक्वलायझरच्या ट्रेलरला पुरत नाही. सहा इंच धरून चाला, आणि जुने, जास्त वाकलेले पाटे असतील तर आठ.

इथे बहुतेकजण आणखी एका जागी फसतात. जुनं चाक निघतं आणि नवं बसत नाही! बसलेल्या टायरची उंची हवा गेल्यामुळे दोन-अडीच-तीन इंच कमी झालेली असते. ते चाक जमिनीपासून जेमतेम सुटलं की आपण खूश होऊन नट काढतो, चाक बाजूला घेतो, स्टेपनी उचलून हबसमोर, म्हणजे एक्सलच्या टोकाशी चाक जिथे बसतं तिथे, धरतो, आणि बघतो तर तिची भोकं स्टडच्या, म्हणजे नट बसतात त्या बोल्टांच्या, दोन इंच वर. भरलेलं चाक पूर्ण उंचीचं असतं ना. म्हणून नट काढायच्या आधी मोजा. हबच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर आणि स्टेपनीच्या मध्यापासून तिच्या काठापर्यंतचं अंतर. पहिलं दुसऱ्यापेक्षा निदान अर्धा इंच जास्त हवं. टेप नसेल तर पान्याचा दांडा आणि बोटाची खूण चालते.

सगळ्या डबल एक्सलना इक्वलायझर असतोच असं नाही. काही ट्रेलरना पाटेच नसतात, एक्सलच्या चौकोनी नळीत रबर भरलेलं असतं आणि प्रत्येक चाक आपापल्या आखूड दांडीवर वेगळं झुलतं. त्यांना टॉर्शन एक्सल म्हणतात. तिथे एक चाक दुसऱ्याला खाली ढकलत नाही, त्यामुळे युक्ती कमी उंचीवर लागू पडते. तुम्हाला सल्ला देणाऱ्या ड्रायव्हरने बहुधा तसाच ट्रेलर पाहिला असेल. आपल्या भागात पाट्यांचेच ट्रेलर जास्त, कारण पाटा कुठल्याही गावात मिळतो आणि कुठलाही लोहार बदलून देतो.

उंचीपेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती वजनाची. चढवलेलं चाक त्या बाजूचा सगळा भार एकटं पेलतं. तुमचंच उदाहरण घेऊ. तीस केव्हीएचा सायलेंट सेट टनाच्या आसपास, ट्रेलर स्वतः, डिझेल, केबलची भेंडोळी, मिळून दोन टन धरा. त्यातले दोनशे किलो पिकअपच्या हुकवर. उरले १८०० किलो, चार चाकांवर प्रत्येकी ४५०. फळीवर चढवलं की त्या बाजूचे ९०० किलो एका टायरवर. आता टायरच्या बाजूला मापाच्या पुढे एक आकडा कोरलेला असतो तो बघा. ८८ असेल तर तो टायर ५६० किलोचा, ९० असेल तर ६००, १०२ असेल तर ८५०. रांगत्या वेगात आणि उभं असताना टायर आपल्या आकड्यापेक्षा थोडं जास्त सोसतो, म्हणून १०२ वाल्या टायरवर मी हे काम भरल्या ट्रेलरने करीन. ८८ किंवा ९० च्या कारच्या टायरवर करणार नाही. आणि ट्रेलर बनवताना पैसे वाचवायला कारचे जुने टायर लावणारे खूप आहेत, म्हणून हे आवर्जून सांगतो. अशा वेळी आधी माल उतरवा. जनरेटर रस्त्यात उतरत नाही हे मान्य, तर मग जॅकची वाट बघा. हायवेवर असाल तर १०३३ वर फोन करा, तो राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक आहे.

आणखी एक. बसलेल्या चाकाचा जोडीदार टायर चढवायच्या आधी हाताने चाचपून बघा. डबल एक्सलमध्ये एक टायर बसला तरी ट्रेलर फारसा झुकत नाही, ओढणाऱ्याला काही कळत नाही, आणि तो तसाच कित्येक किलोमीटर पळवतो. तेवढा वेळ जोडीदारावरही जास्त ताण आलेला असू शकतो. हात ठेववत नाही इतका तो तापला असेल, किंवा त्याच्या कडेला फुगवटा दिसत असेल, तर त्याला फळीवर चढवायचा विचारच सोडा. नुसता गरम असेल तर थांबा, चहा घ्या, थंड होऊ द्या.

जागा कुठली निवडायची? सपाट, आणि रस्त्यापासून लांब. मानपूरच्या पुढे गुजरीकडे रस्ता उतरतो, त्या उतारावर हा उद्योग अजिबात करू नका. बसलेल्या टायरवर रांगत रांगत दोन-चारशे मीटर पुढे नेला तर टायर जाईल, कदाचित रिमला मार बसेल. जाऊ दे. ए. बी. रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गावर, ट्रॉले कुठल्या वेगाने अंगावरून जातात ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं चाक डावं होतं म्हणून निदान शेताच्या बाजूला बसून काम झालं. उजवं असेल तर ट्रेलर पूर्ण डांबराबाहेर, शक्यतो धाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात न्या. रहदारीकडे पाठ करून उकिडवं बसायचं नाही. त्रिकोण मागे चांगला लांब ठेवा, इंडिकेटर चालू ठेवा, आणि रात्र असेल तर कोणालातरी टॉर्च घेऊन मागे उभं करा, पण रस्त्यात नाही, कडेला.

पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीचा वेगळा त्रास. वरून कोरडी दिसते, आत लोणी. फळ्यांच्या ढिगावर ९०० किलो आले की ढीगच चार इंच आत जातो आणि तुमची मेहनत शून्य. खाली रुंद काहीतरी हवं: लोखंडी चेकर प्लेटचा तुकडा, किंवा मंडपवाल्यांकडे असतेच ती स्टेजची जाड फळी आडवी. घरातली फरशी घालू नका, कडकन मोडते.

आता लाकूड. ही तयारी घरूनच करून निघायची गोष्ट आहे, रस्त्यात शोधायची नाही. दोन इंच जाड, टायरपेक्षा रुंद, म्हणजे नऊ-दहा इंच रुंदीच्या तीन फळ्या. बाभूळ किंवा साग. पॅकिंगच्या पेट्यांचं चीड, म्हणजे पाइनचं लाकूड, घेऊ नका, खिळ्याच्या रेषेत उभं चिरतं. प्लायवूडचे थर पाण्याने सुटतात. सगळ्यात खालची फळी दोन फूट, मधली दीड फूट, वरची एक फूट. तिन्ही एका टोकाला सारख्या जुळवा, म्हणजे दुसऱ्या टोकाला सहा-सहा इंचांच्या पायऱ्या तयार होतील. आरपार नटबोल्टने आवळा, बोल्टचं डोकं लाकडात बुडवा. प्रत्येक पायरीची कड रंध्याने किंवा करवतीने तिरपी करा. जुळवलेल्या टोकाला वर दोन इंचांची आडवी पट्टी ठोका. ती ड्रायव्हरसाठी: चाक तिला टेकलं की त्याला धक्का जाणवतो आणि तो थांबतो. पट्टी नसेल तर चाक पलीकडे उतरतं आणि ट्रेलर दणकन आपटतो. खालच्या बाजूला जुन्या टायरचा पट्टा खिळवून घ्या, डांबरावर ढीग सरकत नाही.

दोन फूट हे माप मी उगाच सांगितलेलं नाही. लहान ट्रेलरच्या दोन एक्सलमधलं अंतर साधारण पावणेतीन फूट असतं. पुढचं चाक उतारावरून चढत दीड फूट पुढे गेलं की मागचं बसलेलं चाकही दीड फूट पुढे येतं. तुमची उतरंड लांबलचक, सोयीची, साडेतीन फुटांची केली असेल, तर मागचं चाक तिच्याच खालच्या पायरीवर येऊन बसतं. मग उचलणार काय? चढ थोडा उभा झाला तरी चालेल, पण लांबी एक्सलच्या अंतराच्या आत हवी. चौथी फळी घालून आठ इंच करायचे असतील तर पायऱ्या सहाऐवजी पाच इंचांवर आणा. आपल्या ट्रेलरचं अंतर मोजून घ्या, सगळ्यांचं सारखं नसतं.

कामाचा क्रम मात्र मोडू नका. पिकअप आणि ट्रेलर एका सरळ रेषेत उभे हवेत. डबल एक्सल ट्रेलर वळताना चारही चाकं रस्त्यावर आडवी घासतात, आणि तिरप्या ट्रेलरने चढायला गेलात तर चाक वर चढण्याऐवजी फळ्यांचा ढीग बाजूला ढकलतं. ट्रेलर हुकवरून सोडायचा नाही. तो ओढायलाही पिकअप लागते आणि धरून ठेवायलाही. जनरेटरचे पट्टे तपासा, कारण ट्रेलर एका अंगाला थोडा कलणार आहे आणि सायलेंट सेटचं खोकं उंच असतं.

मग नट. चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे हे सगळ्यांना ठाऊक आहे, उचलल्यावर चाक नुसतं गरगर फिरतं. पण या युक्तीत एक फरक आहे: नट सैल केल्यावर ट्रेलर दीड फूट चालणार आहे. म्हणून फक्त पकड मोडायची. पाव-अर्धा फेरा सोडायचा आणि पुन्हा हाताच्या जोराने हलके आवळायचे. जॅकवर करतो तसे दोन-दोन फेरे सोडून ठेवले तर चढताना चाक हबवर हिसके खातं आणि स्टडचे आटे खराब होतात.

डाव्या चाकाबद्दल एक खास सूचना. आपल्याकडे जुने ट्रेलर बऱ्याचदा जुन्या जीपच्या हबवर बांधलेले असतात. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडना उलटा आटा असायचा, म्हणजे नट सोडायला पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. स्टडच्या तोंडावर इंग्रजी 'एल' कोरलेलं असतं. गंज आणि ग्रीस पुसल्याशिवाय ते दिसत नाही. हे माहीत नसलेला माणूस पान्यावर उभा राहून उड्या मारतो, नट आणखी आवळत जातो, आणि शेवटी स्टडच तुटतो. डाव्या बाजूचा नट हलत नसेल तर पाइप लावायच्या आधी फडक्याने स्टडचं तोंड पुसा.

आता चढवणं. दोन माणसं हवीतच. एक स्टिअरिंगवर, एक चाकाजवळ, पण चाकाच्या पुढेमागे नाही, बाजूला दोन पावलं लांब आणि ड्रायव्हरला आरशात दिसेल असा. पिकअप आणि ट्रेलरच्या मध्ये कोणी उभं राहायचं नाही. ढीग पुढच्या चाकाला अगदी चिकटवून ठेवा. पहिला गिअर, क्लचवर, श्वासाच्या गतीने. प्रत्येक पायरीवर इंजिन थोडं दबेल, तिथे रेस देऊन उडी मारायची नाही. पट्टीला टेकलं की ब्रेक, हँडब्रेक, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. आणि मगच उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांना पुढूनमागून गुटके. त्या दोन चाकांमधल्या वीतभर फटीत एक लाकडी पाचर हातोडीने ठोकून बसवली तर उत्तम, दोन्ही चाकं एकदम अडतात.

तुमचं मागचं चाक होतं म्हणून पुढे जाऊन चढवायचं. पुढचं चाक बसलं असेल तर उलट करा. ढीग मागच्या चाकाच्या मागे ठेवा आणि रिव्हर्समध्ये चढवा. दोन चाकांच्या मधल्या फटीत ढीग मावत नाही, आणि ढीग पुढे ठेवून आधी बसलेलं चाक त्यावरून नेलं तर रिमने टायर कापला जातो, लाकूडही फुटतं. रिव्हर्समध्ये लहान ट्रेलर लगेच वाकडा होतो, त्यामुळे हे काम थोडं जास्त अवघड. पहिल्यांदाच जमलं नाही तर पुढे येऊन सरळ करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

चढल्यावर ट्रेलर फळ्यांवर भक्कम वाटतो. वाटू द्या. चेसिसखाली, पाट्याचं मागचं टोक चेसिसला जिथे टांगलेलं असतं त्या हँगरजवळ, लाकडाचे ठोकळे रचून ठेवा. चेसिसला टेकेपर्यंत रचायचे नाहीत, बोटभर फट राहिली तरी चालेल. ते उचलायला नाहीत, पडलाच तर झेलायला आहेत. चाक काढलं की ते सुद्धा आडवं करून चेसिसखाली सरकवा, नवं बसेपर्यंत तिथेच राहू दे. आणि ट्रेलरखाली डोकं, खांदा, हात काहीही घालायचं नाही. नट पडला तर पान्याने ओढून घ्या.

हबपासून जमिनीपर्यंतचं माप पुरेसं आलं तर बाकी सोपं. पुरलं नाही तर दोन वाटा आहेत. चाक मातीवर असेल तर त्याच्याखालची माती सब्बलने उकरा, तीन इंच खड्डा पुरतो. म्हणूनच जागा निवडताना बसलेलं चाक मातीवर आणि चढणारं चाक शक्य तितकं टणक जमिनीवर येईल असं बघावं. दुसरी वाट, बारा व्होल्टचा हवेचा पंप बरोबर असेल तर: स्टेपनीतली हवा बरीचशी सोडा, चाक दबवून बसवा, नट आवळा, आणि ट्रेलर फळीवर असतानाच पुन्हा हवा भरा. आधी उतरवून मग भरायला गेलात तर रिकामा टायर रिमवरून निसटतो. जनरेटरवाल्याकडे पंप नसेल असं मला वाटत नाही.

नवं चाक लावताना नटाची निमुळती बाजू आत, रिमकडे. पाच नट असतील तर एक सोडून एक असे आवळत जा, म्हणजे चाक सरळ बसतं. आता फक्त घट्ट, कचकचून नाही. गुटके आणि पाचर काढा, ठोकळे काढा, फळीवरून त्याच वाटेने मागे उतरा. पट्टी ओलांडून पुढे उतरायचं नाही. चारही चाकं जमिनीवर आली की मग पूर्ण जोराने आवळा. निघायच्या आधी एकदा इक्वलायझर आणि पाटा त्याला जोडणाऱ्या शॅकल पट्ट्यांकडे बघा. चाक अधांतरी लोंबलं की कधीकधी शॅकल उलटी पलटते आणि वजन परत आल्यावर तशीच अडकून राहते. दुसऱ्या बाजूशी ताडून बघितलं की लगेच कळतं. उलटलेली असेल तर त्या बाजूचं चाक पुन्हा फळीवर घेऊन लोखंडी सळीने सुलटी करावी लागते. तशीच घेऊन निघालात तर घाटात पाटा तुटेल.

ट्रेलरच्या चाकाचे नट कारपेक्षा जास्त सैल होतात. पंधरा-वीस किलोमीटरवर एकदा, चाळीसच्या आसपास एकदा आणि ऐंशीला एकदा पाना लावून बघायचा. तुमच्या वाटेवर हे सोपं आहे: गुजरीला एकदा, महेश्वरला पोचल्यावर एकदा आणि परतीच्या वाटेवर एकदा.

लोक आणखी काय काय सुचवतात तेही सांगून टाकतो. विटा: नाही. वीट दबत नाही, फुटते, आणि फुटते तेव्हा एकदम फुटते. रस्त्याकडेचे काळे दगड: खाली आधाराला चपटा दगड ठीक, पण दगडावर दगड रचून त्यावर चाक चढवू नका, वरचा दगड साबणासारखा निसटतो. लांब बल्ली घालून चार जणांनी उचलायचं: रिकाम्या ट्रेलरला जमतं, भरल्याला नाही, आणि बल्ली सुटली तर जबडा मोडते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला साखळी बांधून एक बाजू उचलणं: हे चालतं, खेड्यांत नेहमी करतात. साखळी चेसिसला बांधा, एक्सलला नाही, आणि खाली ठोकळे रचल्याशिवाय चाकाला हात लावू नका. हायड्रॉलिक सावकाश उतरतं असं म्हणतात, पण सील गेलं असेल तर सावकाश उतरत नाही.

रस्त्यावर पहिल्यांदा हे करू नका. एखाद्या रविवारी गोदामाच्या आवारात, रिकाम्या ट्रेलरने, चारही चाकांना आळीपाळीने करून बघा. किती उंचीला चाक सुटतं आणि स्टेपनी बसायला आणखी किती लागतं हे दोन आकडे खडूने चेसिसवर लिहून ठेवा. भरल्या ट्रेलरला पाटे जास्त दबलेले असतात, त्यामुळे इंच-दोन इंच जास्त धरा. त्याच दिवशी स्टेपनीवरचे चार आकडेही वाचा. शेवटी २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. मंडपवाल्यांचे ट्रेलर लग्नसराई सोडली तर महिनोन् महिने एका जागी उभे असतात. टायरची नक्षी नवी दिसते आणि बाजूला बारीक चिरा पडलेल्या असतात. तुमचं चाक बसलं तेही बहुधा खिळ्याने नाही, याच कारणाने. जॅकही घ्याच. इंदूरच्या सियागंज बाजारात पाच टनी हायड्रॉलिक मिळतो. तो एक्सलच्या नळीच्या मधोमध लावायचा नाही, नळी वाकते. पाट्याखालच्या यू-बोल्टच्या प्लेटखाली लावा. तिथे लावला की त्या एका चाकापुरतं उचलावं लागतं, इक्वलायझरची भानगडच येत नाही.

राहिला तीन चाकांचा प्रश्न. रिकामा ट्रेलर असेल तर थोडं अंतर जाता येतं. बसलेलं चाक काढायचं आणि एक्सलचं ते टोक साखळीने वर ओढून चेसिसला पक्कं बांधायचं. न बांधता निघालात तर इक्वलायझर हबला रस्त्यावर टेकवतो आणि हब घासत जातो. वेग वीसच्या आत, आणि जवळचं पंक्चरचं दुकान येईपर्यंतच. तुमच्या जनरेटरसकट मात्र नाही. एका टायरवर नऊशे किलो घेऊन उभं राहणं वेगळं आणि गुजरीचा उतार उतरणं वेगळं. त्यापेक्षा ट्रेलर धाब्यावर ठोकळ्यांवर उभा करा, चारी बाजूंनी अडवा, पुढच्या दांडीखाली भक्कम टेकू द्या आणि मगच हुक सोडा. सोबतचा माणूस जनरेटरपाशी बसवा, बसलेलं चाक पिकअपमध्ये टाका आणि मानपूरला किंवा धामनोदला जाऊन दुरुस्त करून आणा. कार्यक्रमवाल्यांना फोन करून तासभर उशीर होईल म्हणून सांगा.